घरातल्या रिमोटांचे कोड जमवतोय, खान्देशातल्या मंडळींनी हातभार लावा

तापीकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एसी, कूलर, पंखे, होम थिएटर... आपल्या भागातल्या घरांत जे जे रिमोटवर चालतं त्याचे इन्फ्रारेड कोड एका फायलीत जमवायला घेतलेत. फाईल सगळ्यांना खुली राहील, कुणीही उतरवून घ्यावी.

रिमोट हरवला तर जळगावात गोलाणी मार्केट आहे. दुकानदार काउंटरखालून चार-पाच रिमोट काढतो, मोबाईलमधल्या टीव्हीच्या फोटोशी ताडून बघतो आणि 'न्या, नाही चालला तर परत आणा' म्हणतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने त्या 'परत आणा'साठी किती वेळा एसटीत बसायचं? बरं, नव्या एलईडी टीव्हीला बटण एकच, तेही खालच्या कडेला चाचपडत शोधायचं. स्प्लिट एसीला तर युनिटवर आणीबाणीचं चालू-बंद सोडून काही नसतंच. एप्रिल-मेमध्ये भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा एसीचा रिमोट सापडत नसेल तर घरात भांडणं लागतात.

साहित्य फार लागत नाही. टीएसओपी-१७३८ किंवा व्हीएस-१८३८बी हा तीन पायांचा रिसीव्हर, एक अर्डुइनो युनो किंवा नोडएमसीयू (संगणकाला जोडून छोटे प्रोग्रॅम चालवायचे बोर्ड), आणि तीन वायरी. पाय मात्र नीट बघा. फुगीर बाजू आपल्याकडे धरली की १७३८ चे पाय डावीकडून ग्राउंड, व्होल्ट, आउटपुट असे येतात. १८३८बी किंवा टीएसओपी-३८२३८ चे डावीकडून आउटपुट, ग्राउंड, व्होल्ट. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला की रिसीव्हर तापतो आणि जातो. शिवाय १७३८ हा ५ व्होल्टचा आहे, तो युनोलाच लावा. नोडएमसीयू ३.३ व्होल्टवर चालतो, त्याला ३८२३८ किंवा १८३८बी बरा.

सॉफ्टवेअर : युनोवर आयआररिमोट लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच), नोडएमसीयूवर तिचीच बहीण आयआररिमोट-ईएसपी८२६६. दोन्हींत कोड वाचून दाखवणारं उदाहरण तयार मिळतं, स्वतः काही लिहावं लागत नाही.

आता महत्त्वाचं. स्क्रीनवर जो छोटा आकडा येतो तेवढाच पाठवू नका. त्याच्याखाली पल्स (सिग्नल चालू) आणि गॅप (सिग्नल बंद) यांच्या मायक्रोसेकंदांची लांबलचक रांग येते, ती पूर्ण हवी. आकडा हा लायब्ररीने लावलेला अर्थ आहे, उद्या लायब्ररी बदलली की अर्थ बदलतो. रांग बदलत नाही. सोबत वस्तूच्या मागच्या स्टिकरचा फोटो, रिमोटचा पुढून-मागून फोटो, आणि सेलच्या झाकणाखाली काही छापलेलं असेल तर तेही.

---

गिरणाथडी, चाळीसगाव

उपक्रम छान, पण चाक नव्याने कशाला बनवायचं? लिनक्सवाल्यांच्या लिर्क या रिमोटच्या सॉफ्टवेअरचा साठा आहे, फ्लिपर झीरो (रिमोटचे सिग्नल वाचणारं-पाठवणारं खिशातलं यंत्र) वापरणाऱ्यांनी हजारो फायली टाकल्यात. तिथून भारतीय मॉडेलं वेगळी काढली तरी काम होईल.

---

तापीकाठ, जळगाव

काढून बघितलीत. ते साठे ब्रँडच्या नावाने लावलेत. सॅमसंग, एलजी, सोनी यांच्यासाठी उत्तम आहेत, तिथे आपण वेळ घालवायचाच नाही. पण तुमच्या गावच्या केबलवाल्याने दिलेला बॉक्स, फ्री डिशचा बिनानावाचा बॉक्स, बाजारात जुळणी करून विकलेला टीव्ही, रिमोटचा कूलर, छतावरचा बीएलडीसी पंखा... यातलं तिथे फारच थोडं सापडतं. आणि जे सापडतं त्यावर मॉडेल नंबर नसतो, नुसतं 'टीव्ही-३' असं काहीतरी लिहिलेलं असतं.

---

पांझरा, धुळे

मला ते अर्डुइनो वगैरे येत नाही, पण विषय अगदी घरचा आहे म्हणून लिहिते. सासूबाईंच्या खोलीत टीव्ही एका कंपनीचा, बॉक्स केबलचा. दोन रिमोट. त्या बॉक्सच्या रिमोटने टीव्ही बंद करायला जातात आणि मग 'सिग्नल नाही' अशी निळी स्क्रीन येते की मला हाक. माझ्या रेडमी फोनमध्ये वरच्या कडेला इन्फ्रारेड आहे, त्याच्या अ‍ॅपवर टीव्ही चालतो. मग फोनच कोड वाचून का नाही देत?

---

तापीकाठ, जळगाव

ताई, फोनच्या त्या काळ्या ठिपक्यामागे फक्त पाठवणारा एलईडी असतो, ऐकणारा रिसीव्हर बहुतेक फोनांत नसतोच. अँड्रॉइडमध्येही ४.४ पासून इन्फ्रारेडची जी सोय आली ती पाठवण्याचीच आहे. अ‍ॅपमधले कोड कंपनीने आधीच भरून ठेवलेले असतात.

तरी तुमची मदत होते. टीव्हीचा मॉडेल नंबर आणि अ‍ॅपने 'हे बटण चाललं का?' असं विचारत विचारत कितव्या संचाला होकार मिळवला, एवढं कळवा. तो संच मी इथे माझ्या रिसीव्हरवर वाचून घेतो.

सासूबाईंसाठी एक उपाय. केबलच्या बॉक्सच्या रिमोटवर वर किंवा खाली चौकटीत चार-पाच बटणं वेगळी दिसतात का? टीव्ही पॉवर, एव्ही, आवाज कमी-जास्त अशी? शेजारी 'सेट' लिहिलेलं असेल तर ती शिकाऊ बटणं आहेत. 'सेट' दाबून धरायचं, लाल दिवा स्थिर झाला की सोडायचं. चौकटीतलं टीव्ही पॉवर एकदा दाबायचं. मग टीव्हीचा रिमोट तोंडासमोर तोंड करून दोन-तीन इंचांवर धरायचा आणि त्याचं पॉवर दाबायचं. दिवा लुकलुकला की शिकला. शेवटी पुन्हा 'सेट'. काही रिमोटांत क्रम थोडा वेगळा असतो, पण गाभा हाच. मग एकाच रिमोटवर भागतं.

कोड पाठवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्या. त्या चौकटीतल्या बटणांचे कोड बॉक्सच्या नावावर नोंदवू नका, ते टीव्हीकडून उसने घेतलेले असतात.

---

पांझरा, धुळे

झालं!!! आवाजाचंही शिकवलं. टीव्हीचा रिमोट आता कपाटात ठेवून दिलाय. मॉडेल नंबर आणि संच नंबर विपूत (विचारपूस पानावर) टाकते.

---

सोल्डरकाका, भुसावळ

दुकानात बसल्या बसल्या वाचतोय. पोरांनो, काम चांगलं घेतलंय, पण एक गोष्ट पहिल्या पानावर ठळक लिहा. टीव्हीवरचं नाव बघून कोड लिहू नका, टीव्हीच्या आतला बोर्ड विचारा.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी दुकानात टीव्हींची रांग लागते. केबलच्या वायरीतून झटका येतो आणि मेन बोर्ड जातो. मूळ बोर्ड मिळत नाही, मिळाला तर निम्म्या टीव्हीची किंमत सांगतात. मग आम्ही काय करतो? युनिव्हर्सल बोर्ड टाकतो. व्ही-५६, व्ही-५९ अशा नावांनी येतात. पॅनल तोच, खोका तोच, पुढचं नाव तेच. पण आता तो टीव्ही जुन्या रिमोटचं ऐकत नाही, बोर्डासोबत आलेल्या रिमोटचं ऐकतो. गिऱ्हाईक वर्षभराने रिमोट हरवतं, दुकानात जाऊन टीव्हीवरचं नाव सांगतं, नाव बघून रिमोट घेतं, आणि तो काही चालत नाही. मग म्हणतं टीव्ही पुन्हा बिघडला.

बाजारात नवीन म्हणून मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त एलईडी टीव्हींत मुळातच हे बोर्ड असतात. नावं दहा, बोर्ड एक, रिमोट एक. तेव्हा नोंदीत पहिला रकाना 'बोर्ड बदललाय का' हा ठेवा आणि दुसरा बोर्डावर छापलेल्या नावाचा. मागचं झाकण उघडायची हिंमत नसेल तर उघडू नका, प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ओळखीच्या मेकॅनिकला विचारा, तो सांगेल.

यातल्या बऱ्याच बोर्डांवर मेनू दाबून लगेच १, १, ४, ७ दाबलं की फॅक्टरी मेनू उघडतो. त्यात कधी कधी सॉफ्टवेअरचं नाव दिसतं आणि त्या नावातच रिमोटचा प्रकार असतो. बघा, फोटो काढा आणि बाहेर या. पॅनलच्या सेटिंगला हात लावलात तर चित्र उलटं होईल किंवा अंधार होईल, मग या माझ्याकडे.

---

तापीकाठ, जळगाव

काका, पहिल्या पानावर टाकलं. रकानेही तुम्ही म्हणता तसेच लावले.

---

सातपुड्याचा वारा, शिरपूर

भाऊ, भारी काम शे हाई. मन्हा घरमा जुना रिमोटस्ना डबा भरेल शे, कोनता कसाना ते कोनलेच माहीत नही. कव्हय लई येऊ?

---

तापीकाठ, जळगाव

कव्हय बी या! वस्तू माहीत नसली तरी रिमोट वाया जात नाही. कोडातला पत्ता (निरोप कोणत्या वस्तूसाठी आहे ते सांगणारा भाग) बघून आधीच्या नोंदींशी जुळवता येतो.

---

बिट-बाय-बिट, जळगाव

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या एलजी टीव्हीचं पॉवर बटण वाचलं. जुन्या लायब्ररीत २०डीएफ१०ईएफ येतं. मित्राच्या लॅपटॉपवर नवीन आवृत्ती आहे, त्यात पत्ता ४, कमांड ८ असं येतं. रिमोट तोच, रिसीव्हर तोच. खरं कुठलं?

---

तापीकाठ, जळगाव

दोन्ही. तुझ्या प्रश्नात माझं 'रांग पाठवा' हे म्हणणंही आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा एनईसी प्रोटोकॉल, म्हणजे निरोप पाठवायची ठरलेली पद्धत. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा पल्स आणि ४.५ मिलिसेकंदांचा गॅप. मग ३२ बिट. प्रत्येक बिटाला पल्स सारखाच, साधारण ५६२ मायक्रोसेकंदांचा. फरक पडतो त्यापुढच्या गॅपमध्ये. गॅप तेवढाच असेल तर शून्य, तिप्पट म्हणजे १६८७ च्या आसपास असेल तर एक. ३२ बिटांत चार बाइट : पत्ता, उलटा पत्ता, कमांड, उलटी कमांड. उलटी प्रत तपासणीसाठी.

गोम अशी की प्रत्येक बाइटचा सगळ्यात लहान बिट आधी निघतो. पत्ता ४ म्हणजे ०००००१००. तो शेपटीकडून निघाला की हवेत ००१००००० जातो. आल्या क्रमाने सोळाच्या पद्धतीत (हेक्स, त्यात दहा ते पंधराला ए ते एफ लिहितात) वाचलं तर ते २०. त्याचा उलटा डीएफ. कमांड ८ म्हणजे ००००१०००, हवेत ०००१००००, वाचलं तर १०, उलटा ईएफ. झालं तुझं २०डीएफ१०ईएफ. जुनी लायब्ररी आल्या क्रमाने वाचायची, तिसऱ्या आवृत्तीपासून पत्ता-कमांड सरळ करून दाखवते.

सॅमसंगचंही असंच. पत्ता ७, कमांड २, जुन्या पद्धतीने ई०ई०४०बीएफ. फक्त तिथे सुरुवातीचा पल्स ४.५ चा असतो आणि पत्ता उलटा न करता दोनदा पाठवतात. म्हणूनच ई० दोनदा आलंय.

आपल्या फायलीत पत्ता-कमांड लिहायचं, आणि खाली रांग.

---

अमळनेरकर

मी टीव्हीची सगळी बटणं वाचून काढली. पहिला कोड वेगळा येतो, पण पुढे जवळजवळ सगळीकडे नुसते आठ एफ येतात. रिमोट खराब आहे का? आणि मधूनच काही दाबलेलं नसताना आपोआप आकडे पडतात ते काय?

---

बिट-बाय-बिट, जळगाव

आठ एफ म्हणजे बटण दाबून धरलंय. एनईसीमध्ये बोट तसंच राहिलं तर पूर्ण कोड पुन्हा जात नाही, साधारण दर ११० मिलिसेकंदांनी ९ चा पल्स, २.२५ चा गॅप आणि एक छोटा पल्स एवढाच निरोप जातो : 'मघाचंच चालू आहे'. जुनी लायब्ररी त्याला आठ एफ दाखवते. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि पहिली ओळ घ्या.

---

तापीकाठ, जळगाव

अगदी बरोबर. ते आठ एफ कोड म्हणून पाठवू नका, फायलीत आधीच बरेच येऊन पडलेत.

आपोआप पडणारे आकडे उजेडाचे. सीएफएल किंवा इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब डोक्यावर असेल तर रिसीव्हर तिच्या लुकलुकण्याला सिग्नल समजतो. उन्हात वेगळाच त्रास. इन्फ्रारेडचा एवढा मारा होतो की रिसीव्हर बहिरा होतो, रिमोट हातभर अंतरावर धरावा लागतो. अमळनेरला ओसरीत दुपारी बसून हे करत असाल तर आत या, पडदा ओढा, ट्यूब बंद करा. तरीही कचरा आलाच तर रिसीव्हरच्या व्होल्टच्या पायाला १०० ओमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्या पायापासून ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोबाईलच्या स्वस्त चार्जरवर अर्डुइनो चालवत असाल तर हे आधी करा.

---

महाबळवाला, जळगाव

एसीचं कुणी विचारत कसं नाही? माझ्या एसीच्या रिमोटचं चालू-बंदचं बटण वाचलं तर दर वेळी वेगळा कोड येतो. तापमान वाढवायचं बटण वाचलं तर प्रत्येक टिचकीला वेगळा. अर्धा कागद भरला.

---

तापीकाठ, जळगाव

साठ्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा विचारच करत नाही.

टीव्हीचा रिमोट एका बटणाचा निरोप पाठवतो : 'आवाज वाढव'. किती आहे ते टीव्हीला ठाऊक. एसीचा रिमोट मात्र त्याच्या छोट्या पडद्यावर दिसतंय ते सगळं दर वेळी पाठवतो. चालू, कूल, २४, पंखा ऑटो, झडप हलती. तुम्ही एक अंश वाढवला की 'एक वाढव' असं जात नाही, 'चालू, कूल, २५, पंखा ऑटो, झडप हलती' असं सगळं पुन्हा जातं. म्हणून तर रिमोट एसीकडे न धरता बटणं दाबली की दोघांची चुकामूक होते. रिमोटवर २२, खोलीत २६.

त्यामुळे बटणांची यादी करून उपयोग नाही. सगळ्या जोड्या नोंदवायच्या म्हटलं तर १६ ते ३० असे १५ अंश, पंख्याचे ४ वेग, ५ मोड, झडपेच्या २ अवस्था, ६०० कोड झाले. त्याची गरज नाही. एक अवस्था पक्की धरा, उदाहरणार्थ कूल, २४, पंखा ऑटो, झडप बंद. ती नोंदवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नोंदवा : २५, मग २६. परत २४ वर येऊन पंखा बदला. परत येऊन मोड. शेवटी बंद. कोणता तुकडा कशाने हलतो ते दोन रांगा एकाखाली एक ठेवल्या की दिसतं.

एलजीच्या एसीचा निरोप बराच आटोपशीर, २८ बिट, म्हणजे सात अंक. शिकायला तो घ्या. बंद करण्याचा कोड ८८सी००५१. पहिले ८८ ही ओळख. मग सी, ०, ०, ५ ही आज्ञा. शेवटचा १ हा हिशेब : सी म्हणजे १२, अधिक ०, ०, ५, बेरीज १७. सोळाच्या पद्धतीत १७ म्हणजे ११, त्यातला शेवटचा अंक १. हा अंक चुकला तर एसी मख्ख बसून राहतो. तापमान लिहिताना १५ वजा करतात, म्हणजे २४ ला ९ आणि २५ ला ए. एवढं कळलं की न नोंदवलेला कोडही कागदावर बनवता येतो.

बाकीच्यांचे लांब असतात. ईएसपीच्या लायब्ररीत व्होल्टासचा एक प्रकार आहे, तो ८० बिटांचा. डायकिनचा जुना प्रकार २८० बिटांचा, तोही तुकड्या-तुकड्यांत, मध्ये मोठे गॅप सोडून. युनोची मेमरी २ केबी. तिथे रांग मध्येच तुटते आणि आपल्याला वाटतं पूर्ण आली. एसीसाठी नोडएमसीयूच वापरा, बफर (रांग साठवायची जागा) १०२४ ठेवा आणि टाइमआउट (निरोप संपला समजण्याआधी थांबायचा वेळ) १५ वरून ५० मिलिसेकंदांवर न्या. नाहीतर डायकिनच्या तुकड्यांमधल्या गॅपला लायब्ररी निरोपाचा शेवट समजते.

---

महाबळवाला, जळगाव

आता उलगडलं. बायको म्हणायची एसी मनाला येईल तसं वागतो. रिमोट उशीखाली दाबला जायचा आणि पडद्यावरचा आकडा तिकडेच बदलायचा.

रविवारी बसतो पडदे ओढून.

---

नवापूर लोकल

आमच्याकडे फिलिप्सचा जुना पेटी टीव्ही अजून चालू आहे. पॉवरचा कोड एकदा एक येतो, पुन्हा दाबलं की दुसरा, मग परत पहिला. एसी नाही हो हा, टीव्हीच आहे!

---

सोल्डरकाका, भुसावळ

आरसी-५ आहे तो. फिलिप्सची जुनी पद्धत, त्या काळच्या पुष्कळ सेटांत होती. १४ बिट. पहिले दोन सुरुवातीचे, तिसरा टॉगल, मग पाच पत्त्याचे, सहा कमांडचे. टॉगल बिट दर नव्या दाबण्याला पालटतो. ११ नंबरचं चॅनल लावायला तुम्ही १ दोनदा दाबता, तर टीव्हीला कळलं पाहिजे ना की बोट उचलून पुन्हा दाबलंय, एकच दाबून धरलेलं नाही. टॉगल सोडून लिहा : टीव्हीचा पत्ता ०, पॉवर १२, आवाज वाढ १६, कमी १७. तुमच्याकडे हेच येईल.

---

तापीकाठ, जळगाव

काकांच्या उत्तराला एक जोड. आपला रिसीव्हर ३८ किलोहर्ट्झचा. पल्स चालू असताना रिमोटचा एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकत असतो. रिसीव्हर आतल्या आत ती भरभर लुकलुक काढून टाकतो आणि आपल्याला नुसते पल्स-गॅप देतो. म्हणजे मूळ लुकलुक किती होती हे आपल्या नोंदीत येतच नाही. आरसी-५ ची ३६, सोनीची ४०. जवळून दोन्ही वाचली जातात, पण परत पाठवताना ३८ वरच पाठवली तर टीव्ही लांबून ऐकणार नाही. म्हणून प्रोटोकॉल ओळखल्यावर वारंवारतेचा आकडा हाताने लिहायचा. सोनीचं आणखी एक, कोड एकदाच पाठवून भागत नाही, साधारण ४५ मिलिसेकंदांनी असे किमान तीनदा पाठवावे लागतात. पॉवरचा ए९० बरोबर असून 'चालत नाही' म्हणणारे बहुतेक इथे अडकलेले असतात.

---

टवाळ, पाचोरा

एवढं सगळं जमल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलातला टीव्ही ऐन आयपीएलमध्ये बंद करता येईल ना? 😁

---

तापीकाठ, जळगाव

असं खेळणं २००४ मध्येच बाजारात आलंय, टीव्ही-बी-गॉन नावाचं. मिच ऑल्टमन नावाच्या अमेरिकन माणसाने बनवलं. पाचोऱ्यात करून बघा, मार खाल्लात तर धाग्यावर येऊन रडू नका.

---

गिरणाथडी, चाळीसगाव

मी सुरुवातीला शंका घेतली होती, पण केबलच्या बॉक्सचे तीन रिमोट वाचले आणि पटलं. लिर्कच्या साठ्यात तिन्हींचा पत्ता नाही. एक सुचवतो. रांगेऐवजी प्रोंटो पद्धतीने (रिमोटचे कोड हेक्स आकड्यांत लिहायची एक पद्धत) साठवलं तर? वारंवारताही त्यातच येते. ०००० ००६डी ने सुरू झालं की ३८ किलोहर्ट्झ हे कळतंच.

---

तापीकाठ, जळगाव

प्रोंटो देताना देऊ, मूळ नोंद रांगेचीच ठेवू. प्रोंटोत प्रत्येक वेळ लुकलुकीच्या पटीत मोजतात, तिथे एकदा पूर्णांकात गोल झालं की मागे येता येत नाही. शिवाय ००६डी हा आकडा आपण गृहीत धरलेला, मोजलेला नाही. रांगेवरून प्रोंटो मशीन क्षणात काढून देतं.

---

सोल्डरकाका, भुसावळ

माझी एक शंका. माझ्याकडे येणारे अर्धे रिमोट पडलेले, आपटलेले. त्यांत ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर असतो, ४५५ ला १२ ने भागलं की ३८ च्या जवळ येतं, सगळा ताल त्याच्यावर. आपटला की कधी तो तुटतो, कधी नुसता सरकतो. सरकला तर मोबाईलच्या कॅमेऱ्यात एलईडी छान चमकताना दिसतो आणि टीव्ही हलत नाही. लोक म्हणतात टीव्हीचा सेन्सर गेला. असे रिमोट तुमच्या साठ्यात आले तर?

---

तापीकाठ, जळगाव

काका, त्यासाठीही रांगच हवी. लुकलुक आणि पल्स-गॅप एकाच रेझोनेटरवर चालतात, त्यामुळे तो सरकला की सगळं एकाच प्रमाणात ताणलं जातं. ९००० च्या जागी ९६०० आणि ४५०० च्या जागी ४८०० दिसले की समजायचं, तब्येत रिमोटची बिघडलीय. रिसीव्हरमुळे येणारा फरक वेगळा असतो. तो प्रत्येक पल्स ५०-१०० मायक्रोसेकंदांनी लांबवतो आणि तेवढाच पुढचा गॅप खातो, म्हणून ५६२ चा पल्स ६३० दिसतो, पण दोन्हींची बेरीज जागेवर राहते. आलेल्या प्रत्येक नोंदीत मी ही बेरीज ताडून बघतो. नुसता आकडा पाठवला असता तर हे दिसलंच नसतं. लायब्ररी बरीच सूट देते, सरकलेला रिमोटही ती बिनतक्रार वाचते.

---

सोल्डरकाका, भुसावळ

हे आवडलं. म्हणजे तुमचा हा रिसीव्हरचा डबा माझ्या दुकानात रिमोट तपासायलाही चालेल. एक जोडून ठेवतो काउंटरवर. गिऱ्हाइकाचा रिमोट आधी त्याच्यासमोर धरायचा, मगच टीव्ही उघडायचा.

पोरांनी घरचे रिमोट वाचताना आधी साफ करून घ्या. रबरी पट्टी आणि खालची प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेट्रोलने नाही, पट्टी फुगते. सेल फुटून हिरवं-पांढरं जमलं असेल तर स्प्रिंगला कापसाने थोडं व्हिनेगर लावा, मग कोरडं करा.

---

पांझरा, धुळे

एक प्रश्न राहिला. नव्या टीव्हीच्या रिमोटमध्ये बोलून शोधता येतं. त्याची बाकीची बटणं कॅमेऱ्यात चमकतच नाहीत, फक्त पॉवर चमकतं. बिघडलाय का?

---

बिट-बाय-बिट, जळगाव

नाही ताई, तो ब्लूटूथवर बोलतो. टीव्ही झोपलेला असताना उठवायला काहींत पॉवर इन्फ्रारेडवर ठेवतात, बाकी सगळं ब्लूटूथ. इथे त्याचं पॉवरच तेवढं नोंदवता येईल. आणि कॅमेऱ्याने बघताना पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरा. मागच्याला बऱ्याच फोनांत इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

---

तापीकाठ, जळगाव

पहिला गठ्ठा फायलीत चढवला. बॉक्स सगळ्यात जास्त आलेत, त्यातही फ्री डिशचे. वेगवेगळ्या नावांच्या बॉक्सांचे पत्ते एकच निघतायत, काकांचं बोर्डाचं म्हणणं तिथेही लागू दिसतंय. एसी मोजके आहेत, महाबळवाल्यांचा पूर्ण संच त्यात सगळ्यात नेटका.

कूलरचा मात्र एकही नाही. खान्देशातला साठा आणि कूलर नाही, हे शोभत नाही. कुणाकडे रिमोटचा कूलर असेल तर उन्हाळ्यात तो बाहेर निघेल तेव्हा आठवण ठेवा.

---

सातपुड्याचा वारा, शिरपूर

कूलरना रिमोट मन्हाजोडे शे भाऊ. सेल नही त्यामा. सेल टाकीसन डबासंगे लई येस.